शेजारच्या गावाची टाकी

परंड्यात राहून मी जे काम करते, ते आमच्या गल्लीत अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "पाण्याच्या टाक्यांचं कायतरी बघती." तेही खोटं नाही. गावाची टाकी असते उंचावर, विहीर आणि मोटार असते खाली ओढ्याकाठी. टाकी भरली का, हे बघायला दर वेळी वर कोण चढणार? म्हणून एक पेटी टाकीवर बसवतात आणि दुसरी मोटारीच्या खोलीत. वरची पेटी पाणी कुठवर आलंय ते बघते आणि बिनतारी सांगते. खालची ते ऐकून दिवा लावते. रिकामी असेल तर लाल, भरली तर हिरवा. हिरवा लागला की मोटार आपोआप बंद होते. पुन्हा चालू करायची तर माणसानं बटण दाबायचं.

हे बोलणं-ऐकणं करते ती पेटीतली अंगठ्याएवढी एक पट्टी. आम्ही तिला नुसतं रेडिओ म्हणतो. वीज कडाडली, मुंग्यांनी घर केलं की रेडिओ जातो. तो बदलायचा आणि लॅपटॉप लावून नव्याला त्याचा आकडा द्यायचा. ज्या दोघांचा आकडा एक, ते एकमेकांचं ऐकतात. माझ्या कामात याहून अवघड फारसं काही नाही. बाकी सगळा वेळ स्कूटीवर आणि शिडीवर जातो.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका गावातून फोन आला. फोनवर बाई होत्या. नाव-गाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, "म्याडम, तुमची पेटी खोटं बोलाया लागलीय."

त्या गावात पाण्याचं काम बचत गटाच्या बायकांकडं होतं. गावानंच ठरावानं दिलं होतं, पण सगळ्यांच्या मनातून दिलं होतं असं नाही. मोटारीवर या काकू बसायच्या. पन्नाशीच्या, उंच, आवाज खणखणीत. मी गेले तेव्हा त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मग एकदम बोलायला लागल्या.

"सकाळी मोटार लावते. जरा येळ झाला की हिरवा दिवा लागतो, मोटार बंद. म्हंजी टाकी भरली. मी वाल्व्ह सोडते, तर निम्म्या गावात पानीच जात न्हाय. बाया कळशा घिऊन माझ्या दारात. म्हंत्यात, तू मोटार लावलीच न्हाय, झोपली हुतीस. मी म्हंते, अगं दिवा लागला हुता. मग वर चढून बघावं तर टाकीत गुडघाभर पानी."

"रोज असं होतं?"

"रोज न्हाय ना! रोज झालं असतं तर कुनी इस्वास तरी ठिवला असता. कवा लाल, कवा हिरवा. दोन महिनं झालं." त्या थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू का? मला वाटाया लागलं, माझंच डोस्कं फिरलंय. दिवा दिसतोय तो मलाच दिसतोय का काय."

त्यांच्या त्या बोलण्यानं मला कसंतरी झालं. एवढी धट्टीकट्टी बाई, आणि एका दिव्यापायी स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा घालवून बसली होती. त्यात गावातल्या काही जणांनी धरून ठेवलं होतं, की बायकांना मोटारीतलं कळत नाही, पुढच्या ग्रामसभेत काम काढून घ्यायचं. शेजारच्या गावाची टाकी तर माळावरून भरून वाहताना इकडून दिसायची. ते पाणी बघून लोकांचा राग आणखी चढायचा. तिथं एक म्हातारा माणूस सगळं सांभाळतो, आणि आपल्याकडं एवढ्या बायका असून ही गत.

मला वाटलं, टाकीवरचा रेडिओ अर्धामुर्धा गेला असणार. दोन वर्षांपूर्वी या भागात वीज पडून पुष्कळ पेट्या गेल्या होत्या. तेव्हा बाहेरून आलेल्या माणसांनी घाईघाईत रेडिओ बदलले होते. माझ्याकडं हे काम त्यानंतर आलं. मी नवा रेडिओ घेऊन टाकीवर चढले. काकूंना म्हटलं, तुम्ही खालीच बसा, मोटार लावा, फोन चालू ठेवा आणि दिवा कुठला लागतोय तेवढं सांगत राहा.

ऊन चांगलं तापलेलं, शिडीला हात लावला की चटका. वर जाऊन झाकण उघडून आत डोकावले. पाणी खरंच तळाला होतं. पेटी उघडली, जुना रेडिओ काढून हातात घेतला.

"काकू, आता दिवा कुठलाय?"

"लालच हाय."

"तो तसाच राहील. मी रेडिओ काढलाय, आता वरून काही बातमी येणार नाही."

मी नव्या रेडिओची पुडी फोडत होते. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "म्याडम, हिरवा लागला."

"लागणार नाही काकू. नीट बघा."

"बघूनच सांगतीय! हिरवा लागला आन् मोटारबी बंद पडली. ऐका." मी ऐकलं. मोटारीची घरघर थांबलेली होती.

मी जुना रेडिओ तळहातावर धरून तशीच बसून राहिले. पेटीत रेडिओ नव्हता. टाकीत पाणी नव्हतं. तरी खालच्या पेटीला कुणीतरी सांगत होतं, टाकी भरली. मी मान वर केली. समोर माळावर शेजारच्या गावाची टाकी उभी होती, नवी, पांढरीशुभ्र. तिच्या कडेवरून पाण्याचा ओघळ खाली उतरत होता.

"काकू," मी विचारलं, "ती माळावरची टाकी कधी चालू झाली?"

"दोन महिनं झालं आसंल." मग त्यांनीच विचारलं, "ती बोलतीया व्हय?"

कारखान्यातून सगळे रेडिओ एकाच आकड्यावर येतात. बसवणाऱ्यानं आकडा बदलला नाही तरी जोडी चालतेच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. काकूंच्या गावाची जोडी तशीच बसली होती. पुढं माळावर नवी टाकी झाली, तीही तशीच बसली. आता चार रेडिओ एकाच आकड्यावर, आणि कोण कुणाचं ऐकतंय याला धरबंध नाही.

वरच्या आणि खालच्या रेडिओला मिळून एक वेगळा आकडा द्यायचा होता, म्हणून नवा रेडिओ घेऊन मी खाली आले. मोटारीच्या खोलीतल्या पेटीला लॅपटॉप लावला. काकू शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. मी म्हटलं, "आकडा कुठलाही चालतो. तुम्ही सांगा, तो टाकते."

"तुमीच टाका की," त्या म्हणाल्या. "फकस्त दुसऱ्याचा नगं."

दोन्ही रेडिओंना तोच आकडा टाकला, नवा वर नेऊन बसवला आणि खात्री करायला लागले. पाण्याबरोबर वर येणारा तरंगता गोळा हातानं उचलला. फोनमधून आलं, "हिरवा." सोडला. "लाल." परत उचलला. "हिरवा!" सोडला. चार-पाच वेळा आम्ही तेच केलं. गरज नव्हती, पण त्यांना थांबवत नव्हतं आणि मलाही.

संध्याकाळच्या आत माळावरच्या गावाला गेले. तिथले आबा, मोटारीवर बसणारे, बाजेवर बसून पेटीकडं रागानं बघत होते. "ह्या पेटीचं मला कळंना झालंय," म्हणाले. "टाकी भरली की बंद करती, आन् परत लाल दावती. मी बटन दाबतो. पानी सांडतंय, लोक मला बोलत्यात." मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांची पेटी खालच्या गावाच्या रिकाम्या टाकीचं ऐकत होती. ते बाजेवरून उठून दाराशी गेले, खालच्या गावाकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी तिकडं त्या बाईला बोलणी बसत असत्याल की." मी म्हटलं, बसतात. "नंबर हाय का तिचा?" मी दिला.

ग्रामसभेला काकूंनी मला बोलावलं. मला चार माणसांत उभं राहून बोलता येत नाही, म्हणून एक जादा जोडी घेऊन गेले आणि ती टेबलावर मांडली. आकडा एक असला की दिवा लागतो, वेगळा केला की लागत नाही, एवढंच करून दाखवलं. लोक पुढं सरकून बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "हे काय, आधीच बघायला पायजे हुतं." काकू उठल्या. "बघायला दोन महिनं माझ्यासंगं वर कोण चढलं? सांगा." तेवढ्यात दाराशी आबा दिसले. ते माळावरनं मुद्दाम आले होते. टोपी काढून म्हणाले, "पानी आमी सांडलं, आन् बोलणी ह्या माउलीनं खाल्ली. आमाला ठावं नव्हतं." काकूंनी पदर तोंडाला लावला आणि खाली बसल्या. शेजारच्या बायकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यातली एक तर रोज कळशी घेऊन त्यांच्या दारात भांडायला येणारी होती, हे मला नंतर कळलं.

काम गटाकडंच राहिलं. ते काढून घ्यायचा ठराव कुणी मांडलाच नाही. सभा संपल्यावर काकू मला घरी घेऊन गेल्या. शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि कांदा असं जेवण झालं. जेवताना त्या पेटीबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. लेकीच्या सासरचं सांगत होत्या, यंदा तूर कशी फुलातच गळून गेली ते सांगत होत्या, मध्येच मोठ्यानं हसत होत्या. मी पहिल्यांदाच त्यांना हसताना बघत होते.