दोन बोटांची जागा

पशुवैद्यकीय दवाखान्यात सत्तावीस वर्षे कुत्री धरण्याचे काम करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे 'सांडशी' म्हणत. टोपणनाव ओबडधोबड असले, तरी पकड तशी मुळीच नव्हती. एक हात मानेभोवती, दुसरा पोटाखालून, आणि सारे धूड स्वतःच्या छातीशी, अशी त्यांची रीत. लांब तोंडाच्या कुत्र्याच्या जबड्याला ते पट्टी बांधत. चपट्या नाकाच्या कुत्र्याला ती बसत नाही. त्याच्या मानेभोवती ते टॉवेलची गुंडाळी घेत, आणि गुंडाळी व गळा यांच्यामध्ये दोन बोटे घालून पाहत. बोटे सहज फिरली, म्हणजे श्वासाला वाट आहे. त्यांनी धरलेल्या एकाही कुत्र्याने डॉक्टरीणबाईंना दात लावला नव्हता, की एकही टेबलावर दगावले नव्हते.

गेले चार महिने मात्र ती बोटे बधिर होत चालली होती. मधुमेहाने आधी पाय धरले, मग हात. घरी ही गोष्ट लपली नाही. एका सकाळी तापलेल्या किटलीला बोटे टेकवून ते खुशाल वर्तमानपत्र वाचत बसले, तेव्हा बायको ओरडली, "अहो, कातडी जळतेय! मला इथे वास येतोय आणि तुम्हाला पत्ता नाही? साधू झालात की काय?"

"दूध करपलं असेल."

"दूध फ्रिजमध्ये आहे. बाईंना सांगा, नाहीतर मी येऊन सांगते."

"सांगितलं की बसवतील मला खिडकीत, नंबर पुकारायला. या वयात पोपट होऊ?"

त्यांनी सांगितले नाही. बायकोनेही, नवऱ्याची अब्रू म्हणून, तोंडाला कुलूप घातले.

त्या मंगळवारी एक निवृत्त शिक्षिका आपला चपट्या नाकाचा म्हातारा कुत्रा घेऊन आली. कानात पू झाला होता. गुंगीचे औषध त्याच्या वयाला झेपले नसते, म्हणून नुसते धरूनच कान साफ करायचे ठरले.

"त्याच्यावर ओरडू नका हं, फार मानी आहे तो," शिक्षिका म्हणाली.

"मानी मंडळींशीच माझी रोजची गाठ, बाई. बसा तुम्ही बाहेर."

आत टॉवेल गुंडाळून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, "जागा आहे ना?"

सांडशींनी दोन बोटे आत सारली. ती गेली खरी; पण फिरली की आवळली गेली, हे त्यांना कळेना.

"आहे," ते म्हणाले.

कुत्रा धडपडला. बोटे आतच ठेवून त्यांनी टॉवेल आणखी जवळ ओढला. थोड्या वेळाने तो शांत झाला.

"वा! तुमच्या हातात जादू आहे," कानावर वाकलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टॉवेल सोडताच कुत्र्याचे डोके टेबलावर आपटले. जीभ निळी पडली होती. बाईंनी दहा मिनिटे त्याची छाती दाबली, आणि मग हात बाजूला घेतले.

"वय झालं होतं त्याचं," त्या हळूच म्हणाल्या. "हृदय थांबलं असणार. मी सांगते त्यांना."

सांडशींनी आपली बोटे पाहिली. दोन्हींवर टॉवेलच्या विणीचा खोल, जांभळा वळ उमटला होता, आणि त्यांना काहीएक जाणवले नव्हते. बाहेर अजून तीन कुत्री वाट पाहत होती.

ते बाईंच्या मागोमाग बाहेर आले. बाई "हृदय..." एवढे म्हणताहेत तोच ते मध्ये बोलले, "हृदय नव्हतं. टॉवेल आवळला गेला. मला बोटांना कळत नाही. चार महिने झाले, कळत नाही."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. शिक्षिकेने पर्स बाकावर ठेवली, पुन्हा उचलली.

"मग आधी का नाही बोललात?" तिचा आवाज चढला नाही. "मी आत आले असते. मी धरला असता त्याला."

सांडशी कुत्रा उचलून आणायला वळले.

"राहू द्या. तुम्ही हात लावू नका."

शिक्षिका आत गेली आणि ते जड शरीर कसेबसे उचलून निघाली. दोनदा ती भिंतीला टेकली, दम घेऊन पुन्हा चालू लागली. सांडशी पुढे होऊन दार धरून उभे राहिले. तेवढे तिने करू दिले.