दोन धारांच्या मधली सांगली

नाही, महाबळेश्वरला नाही गेले. पाचगणीलाही नाही. आणि "मग सातारा-सांगलीत बघायला आहेच काय" असं जे तुम्ही मागच्या पोस्टखाली लिहिलंत ना, त्याचं उत्तर आहे पेंड. सोयाबीनची पेंड, गुरांना घालतात ती. ती बनते कशी हे बघायला मी शालन आत्याला शेजारी बसवून सांगलीला गेले, आणि ह्या वर्षातली माझी सगळ्यात भारी ट्रिप तीच. हसून झालं असेल तर पुढे वाचा. नसेल तर हसत हसत वाचा.

आधी ह्या ट्रिपचा एकमेव नियम. आत्या उंब्रजपासून चार किलोमीटर आत राहते आणि तिची म्हैस चंद्री फक्त तिलाच दूध देते. सकाळी साडेपाचला एक धार, संध्याकाळी साडेपाचला दुसरी. आधी चंद्रीची आई होती, तिचाही हाच हट्ट. त्यामुळे अकरा वर्षांत आत्या एक रात्रही घराबाहेर राहिलेली नाही. लग्नाला जाते, अक्षता टाकते, जेवण डब्यात भरून घेते आणि धारेला घरी. म्हणजे आवराआवर धरून आमच्याकडे होते अकरा तास. तुम्ही लोक हॉटेलचा चेक-आउट बघून प्रवास आखता, आम्ही म्हैस बघून आखला.

आता, पेंडच का? आत्याचं स्वतःचं सोयाबीन आहे, दीड एकर. ते कराडच्या व्यापाऱ्याला जातं आणि मग आत्या दुकानातून सोयाबीनचीच पेंड विकत आणते. मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, हे अजिबात पटत नाही. मामा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं, घरात माल असताना बाहेरून रसद कशाला? गेल्या वर्षी त्यांनी घरचं सोयाबीन गिरणीतून भरडून आणलं आणि आत्याला न विचारता टोपलीभर चंद्रीपुढं ठेवलं. चार दिवस चंद्रीला संडास, दूध निम्म्यावर. आत्या म्हणाली, "तुमच्या हाताला गुणच न्हाई." त्या दिवसापासून मामांना गोठ्यातल्या टोपल्याला हात लावायची बंदी.

दिवाळीत मी गेले तेव्हा हे भांडण परत उकरलं गेलं. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "माझं सोयाबीन जातं, पेंड हून परत येतं. मधी काय करत्यात कुणाला दखल?"

"बघायला जाऊया का?" मी म्हटलं.

भाकरी तव्यावर करपली. एवढंच सांगते.

माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा नवरा, स्वप्नील, सांगलीच्या बाहेर एमआयडीसीत सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यात लॅबला आहे. एक फोन, आणि काम झालं.

सकाळी साडेसहाला निघालो. रूममेटची अल्टो, डावीकडची काच खाली होत नाही. आत्याच्या मांडीवर भाकरी, ठेचा, दह्याची बरणी आणि रुमालात गाठ मारून घरचं मूठभर सोयाबीन. "त्यांना दाखवाय नको व्हय, कुणाचा माल हाय ती?" तासवड्याचा टोल, कराड, मग हायवेने पेठ नाका आणि तिथून डावीकडे सांगलीचा रस्ता. हायवेचं काम चालू असल्यामुळे डायव्हर्जन किती लागले ते मोजणं मी सोडून दिलं. दोन्ही बाजूला ऊस, तोडीला आलेला. वाटेत बायका डोक्यावर वाड्याचे भारे घेऊन चाललेल्या. वाडं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, तोडीच्या दिवसांत गुरांना तेच.

"वाड्यानं प्वाट भरतंय," आत्या म्हणाली, "दूध न्हाई भरत. दुधाला पेंडच लागती. माणसाला नुसता भात घातला तर पैलवान हुतोय व्हय?"

साडेनऊला कारखान्याच्या गेटवर. तेल काढायला जे वापरतात ते पेट्रोलसारखं पेट घेणारं असतं, म्हणून आत काहीच न्यायचं नाही. वॉचमन म्हणाला, "मोबाईल, काडीपेटी, लायटर, सगळं इथं ठेवा."

आत्याने कमरेची डबी काढली. "माझ्यापाशी मिश्री हाय. ती पेटत न्हाई."

"मग असू द्या, आज्जी."

"आज्जी असंल तुझी आय," आत्या म्हणाली आणि आत गेली.

काय जागा आहे ती. मी किल्ले बघितलेत, लेणी बघितलीत, पण सोयाबीनचा डोंगर कधी बघितला नव्हता. तीन मजली घराएवढा, पिवळाधमक. आत्या त्याच्यापुढे उभी राहिली आणि रुमालातली गाठ तिने हळूच पदराखाली घेतली. बहुतेक लाजली. स्वप्नील सांगत होता, त्याचं बोट जाईल तिकडे आम्ही पाइपांच्या जंगलात बघत होतो. आधी चाळणी. मग दाणा फोडून टरफल उडवायचं. मग गरम करून रोलरखाली चपटा करायचा.

"पोहंच की रं हे," आत्या म्हणाली.

"पोहेच, मावशी." त्या पोह्यांमधून तेल धुऊन घेतात आणि उरतं ते वाफेवर चांगलं भाजून काढतात. शेवटच्या टोकाला पेंड पडत होती, फिकट सोनेरी, हातात घेतली तर कोमट. वास थेट जत्रेतल्या फुटाण्यांचा. मी चिमूटभर तोंडात टाकली. चव विचारू नका, पण टाकली.

"हीच कोंबड्यांना, हीच डुकरांना, हीच तुमच्या म्हशीला," स्वप्नील म्हणाला. "तेल ही कारखान्याची वरकमाई समजा. अंड्यात, दुधात, चिकनमध्ये जे प्रोटीन आपण खातो, त्याच्यामागं बऱ्यापैकी हीच पेंड असते."

ऑम्लेट खाताना मी आजवर कुठल्या शेतात बसले होते, हे मला माहीतच नव्हतं.

लॅबमध्ये आत्याने शेवटी रुमाल सोडला. "हे घरचं. हे नुसतं भरडून घातलं तर काय हुतंय?"

स्वप्नीलने दाणे खलात कुटले आणि एका काचेच्या ताटलीत पसरले. दुसऱ्या ताटलीत कारखान्याची पेंड. दोन्हींवर पिवळसर पाणी ओतलं. "आता थांबायचं. कच्चं असेल तिथं लाल होईल."

पाच मिनिटांत आत्याची ताटली कुंकवासारखी लाल झाली. पेंडीच्या ताटलीत इकडे एक ठिपका, तिकडे एक ठिपका.

"कच्च्या दाण्यात प्रोटीन पचू न देणारा पदार्थ असतो," तो म्हणाला. "भाजलं की तो मोडतो. आम्ही नीट भाजलंय का, ते ह्या लाल रंगावरून कळतं. कोंबडीला, वासराला कच्चं अजिबात चालत नाही. म्हशीला थोडंफार पचतं. पण एकदम टोपलीभर, तेही तेलासकट, मग पोट बिघडणारच."

आत्या ताटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुणी बी घातलं असतं तरी?"

"कुणीही."

"मी घातलं असतं तरी?"

"तुम्ही घातलं असतं तरी, मावशी."

स्वप्नीलने पेंडीचं एक पोतं मिळवून दिलं, ते डिकीत. दुपारी सांगलीत कृष्णेच्या घाटावर डबा सोडला. आत्या नदीकडे बघून म्हणाली, "हीच आपल्या उंब्रजवरनं येती न्हवं?"

"हीच."

"हिच्या दारात म्हस न्हाई. म्हणून पोचली हितवर."

मग गणपतीचं दर्शन, दोन किलो भडंग, आणि दोनला निघायचं ठरलेलं असताना निघालो तीनला, कारण आत्याला कृष्णेवरच्या जुन्या आयर्विन पुलावरून एकदा चालत जायचं होतं. गेली, आणि परतही आली. तुम्ही जाणार असाल तर जरूर चाला, पण उसाच्या हंगामात एकच्या आत सांगली सोडा. आम्ही सोडली नाही आणि आष्ट्याच्या अलीकडे अडकलो. पुढे उसाची ट्रॉली पलटी झालेली, रस्ताभर ऊस, मागे दीड-दोन किलोमीटर गाड्या. साडेचार. मग पावणेपाच. ट्रॅक्टरवाले खाली उतरून ऊस खात बसलेले.

आत्या घड्याळाकडे बघत नव्हती, समोरच्या ट्रॉलीकडे बघत होती. "आता ती रस्त्याकडं त्वांड करून हुबी असंल," ती म्हणाली. "सड तटतटल्यालं. मागं शेजारच्या सुमननं धार काढाय बघितली, माझं पातळ नेसून, तर लाथ घालून बादली उडवली तिनं. हातात टोपलं न्हवतं सुमनच्या. चंद्रीला आधी माझा वास लागतो, मग पेंडंचा. तवा पान्हा सोडती."

पाच वाजता ती म्हणाली, "मामास्नी लाव फोन." मी लावला, स्पीकरवर.

"आवं, ऐकताय का? आमाला उशीर हुतोय. धार तुमी काढा."

"मी?"

"मग काय कलेक्टरला धाडू?"

"वरीस झालं, टोपल्याला हात लावू दीत न्हाईस तू मला."

"आता लावा की."

"माझ्या हाताला गुण न्हाई म्हणलीस. समद्या गल्लीत."

बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणं चालू होतं. आत्याने काच खाली करायला हँडल फिरवलं, ती काच खाली होत नाही हे तिला सकाळपासून माहीत होतं.

"हाताचं काय न्हवतं," ती म्हणाली. "सोयाबीन कच्चं हुतं. मी घातलं असतं तरी तसंच झालं असतं. डोळ्यानं बघून आली मी. लाल झालं."

"काय लाल झालं?"

"आल्यावर सांगती. सरकीची पेंड दोन मापं, सोयाची एक, मीठ चिमूटभर, कोमट पाण्यात भिजवा. माझं निळं पातळ दोरीवर हाय, ती गुंडाळा."

"शालन, मी फौजी माणूस हाय."

"चंद्रीला काय ठाव," आत्या म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

सव्वासातला घरी पोचलो. आत्या गाडी थांबायच्या आधी दार उघडून उतरली. गोठ्यात मामा पालथ्या घमेल्यावर बसलेले, फौजेच्या ट्रॅकपँटवर निळं पातळ, डोक्यावर पदर. शेजारी भरलेली चरवी. चंद्रीचं टोपलं चाटूनपुसून साफ.

"अर्धा लिटर राखून ठेवलं तिनं," मामा म्हणाले. "अजून भरवसा न्हाई माझ्यावर."

"आणि तुमी एवढा वेळ पातळ गुंडाळून का बसलाय?"

"काढलं तर बिथरंल म्हणून."

आत्याने टोपल्यात हात फिरवला, तळाला लागलेली पेंड बोटाने चाचपली. मग मामांकडे बघितलं. "पदर उलट्या खांद्यावर घेतलाय," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

ह्याला तीन आठवडे झाले. अल्टोत अजून फुटाण्यांचा वास आहे आणि रूममेट माझ्याशी बोलत नाहीये. मामा रोज संध्याकाळी मला चरवीचा फोटो पाठवतात. अर्ध्या लिटरची तूट पाव लिटरवर आली, आणि गेल्या गुरुवारी तीही गेली. निळं पातळ आता आत्या नेसत नाही, ते गोठ्यातच खुंटीला असतं. प्रवासातून काय उरलं असं तुम्ही नेहमी विचारता, तर ती खुंटी.

आणि शनिवारी आत्याचा फोन आला होता. "रातभर ऱ्हायाचं असं एखादं ठिकाण हाय का गं जवळपास?"

तर हो, चाललेय मी तुमच्या महाबळेश्वरला. हे तिच्याच ओट्यावर बसून लिहितेय. ती अर्ध्या तासापासून गाडीत बसलीये, मांडीवर भाकरीचं गाठोडं, आणि आत्ता तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला. मामा गोठ्यातून ओरडतायत, निघा, न्हाईतर चंद्री बघंल. तुम्हाला काय म्हणायचंय ते खाली लिहून ठेवा, मी निघाले.