एल्डनच्या शाळेत बेळगाव

चारुताबाई काकतकर निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, सुमंतरावांनी, कपाळाला हात लावला. जन्मभर लोकांची पोरं तपासली, आता रिटायर झाल्यावर निवांत बसायचं सोडून ही बाई घरोघर पत्रकं वाटत फिरते, म्हणजे काय! पण बाई फिरल्या, आणि निवडूनही आल्या. त्यात नवल नव्हतं म्हणा, गावातल्या निम्म्या मतदारांना लहानपणी त्यांनीच इंजेक्शनं टोचली होती.

एल्डन हे मॅसॅच्युसेट्समधलं, श्रूजबरीच्या पलीकडचं छोटं गाव. तिथल्या शाळांचा कारभार स्कूल कमिटी बघते. पाच माणसं, गावानेच निवडलेली. चारुताबाईंना या पद्धतीचं भारी कौतुक. कारण त्या बेळगावच्या. मराठी माणसांचं गाव कर्नाटकात गेलं, आणि आपल्या पोरांनी काय शिकायचं हे दूर बसलेलं कुणीतरी ठरवतं, हा सल घेऊनच त्या वाढल्या. मंडळाच्या गणपतीत कुणी नुसतं 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' असं विचारलं, तरी सीमाप्रश्न सुरू व्हायचा. "हिचं बेळगाव निघालं की जेवण गार होतं," असं सुमंतराव म्हणायचे. ते नागपूरचे, त्यांना काय कळणार. निवडणुकीत बाईंचं एकच म्हणणं होतं, गावची शाळा गावाने चालवायची.

आणि निवडून येऊन वर्ष होतं न होतं तोच, नेमकं याच वाक्यावर त्यांची परीक्षा आली.

हायस्कूलमध्ये केली वॉल्श नावाच्या इतिहासाच्या बाई होत्या. बारावीच्या मुलांना त्या दर वसंतात एक प्रकल्प द्यायच्या. इस्रायल आणि पॅलेस्टाइन यांच्यातली सीमा मुलांनी वाटाघाटी करून ठरवायची. वर्गाच्या जमिनीवर मोठा नकाशा, त्यावर रंगीत चिकटपट्टी. पाणी कुणाचं, रस्ते कुणाचे, जेरुसलेमचं काय, घरदार सोडून गेलेल्यांनी परत कुठे यायचं, सगळं पोरांनीच भांडून ठरवायचं. या वर्षी मात्र गावातच ठिणगी पडली. काही पालक म्हणाले, यात इस्रायलवर अन्याय होतो. काही म्हणाले, पॅलेस्टिनी लोकांवर होतो. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोन्ही गट एका गोष्टीवर एक झाले, हा वर्ग बंद करा. कुणीतरी वॉशिंग्टनला, केंद्राच्या शिक्षण खात्याकडे, तक्रार केली आणि तिथून पत्र आलं, या धड्याची माहिती पाठवा.

पत्र वाचून चारुताबाईंचं डोकं फिरलं. "वॉशिंग्टनने आमच्या वर्गात नाक खुपसायचं काही कारण नाही," असं त्या मीटिंगमध्ये स्पष्ट बोलल्या. टाळ्याही पडल्या. पण घरी येताना गाडीत त्यांच्या लक्षात आलं, की वॉशिंग्टनला दम देणं सोपं आहे. इथे गावालाच वर्ग नको होता. मग गावची शाळा गावाने चालवायची म्हणजे कुणी? ओरडणाऱ्यांनी? कमिटीतले दोघे म्हणत होते, कशाला हे विकतचं दुखणं, वर्ग बंद करून टाकू. दोघे म्हणत होते, चालू ठेवू. पाचवं मत चारुताबाईंचं. वर्ग राहणार की जाणार, ते त्यांच्या हातात होतं.

न बघता मत देणं त्यांना जमणारं नव्हतं. पेशंट न तपासता औषध लिहिणारी डॉक्टर त्या कधीच नव्हत्या. त्या वर्ग बघायला गेल्या.

वॉल्शबाईंच्या वर्गाचा एक नियम होता. आपली मागणी मांडायच्या आधी समोरच्याची मागणी आपण सांगायची, आणि ती अशी सांगायची की समोरच्याने मान डोलावली पाहिजे. मान डोलली नाही तर पुन्हा सांगायची. तोवर आपलं तोंड बंद. पोरं घामाघूम होत होती. एक मुलगा चार वेळा अडला आणि वैतागून जमिनीवरच बसला. चारुताबाईंना हा नियम इतका आवडला की त्यांना राहवलं नाही. वॉल्शबाईंनी सहज विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला अशी एखादी सीमा माहीत आहे?" आणि झालं. बेळगाव निघालं.

दहा मिनिटं त्या बोलल्या. छान बोलल्या, इतक्या वर्षांचा सराव होता. पोरं ऐकत राहिली. मग वॉल्शबाई म्हणाल्या, "आता समोरच्यांची बाजू."

"त्यांची बाजू म्हणजे," चारुताबाई म्हणाल्या, "त्यांना जमीन सोडायची नाही."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. वल्लरी हिरेमठ. लहानपणी हिच्या कानाचं दुखणं बाईंनीच बरं केलं होतं. "नो, डॉक्टर काकू. माझी अज्जी असं म्हणत नाही. शी इज फ्रॉम बेळगावी."

चारुताबाईंना वाटलं, आता जमिनीने गिळलं तर बरं. हिरेमठ कानडी आहेत हे माहीत होतं, पण त्यांच्या घरातली म्हातारी आपल्याच गावची असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. "राजकारण," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सरकारचा हट्ट." वल्लरी नम्रपणे मान हलवत राहिली, नाही, नाही.

"मग काय म्हणते तुझी अज्जी?"

"ते तुम्ही शोधायचं असतं," वल्लरी म्हणाली. "दॅट्स द असाइनमेंट."

त्या रविवारी बाईंच्या भावाचा फोन होता. शैलेंद्रदादा बेळगावातच राहिलेला. शहाऐंशीच्या, कानडी सक्तीविरुद्धच्या आंदोलनाच्या धावपळीत त्याचा पाय मोडला, तेव्हापासून तो लंगडत चालतो. वर्गात बेळगावचा विषय निघाला एवढंच बाईंनी त्याला सांगितलं, पुढचं गिळलं. दादा हरखला. त्यावरच्या मीटिंगमध्ये बाई बोलणार आणि ती इंटरनेटवर दिसते म्हटल्यावर तर विचारूच नका. "चारू, आम्ही सगळे पहाटे उठून बघतो. अमेरिकेत तरी कुणी आपलं गाऱ्हाणं मांडलं म्हणायचं." बाई हो म्हणाल्या. मोठ्या भावाला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या हिरेमठांच्या दारात उभ्या राहिल्या.

गिरिजाबाई हिरेमठ ऐंशी ओलांडलेल्या. कानडीत नमस्कार कसा करायचा याची तयारी बाईंनी गाडीत केली होती, ती वायाच गेली. "या की वो, बसा," म्हातारी अस्सल बेळगावी मराठीत म्हणाली. "तुमचं घर कुठं म्हणायचं? खडे बाजारात? मग तुमच्या घरावरनंच जात होतो की आम्ही शाळेला."

चहा झाला. चारुताबाईंनी सरळच विचारलं. गिरिजाबाईंनी घाई केली नाही.

"आम्ही लहान होतो तेव्हा सगळं मराठीतच असायचं," त्या म्हणाल्या. "बाजार मराठी, दवाखाना मराठी, दुकानाच्या पाट्या मराठी. कानडी फक्त आमच्या स्वयंपाकघरात. बाहेर बोललं की पोरं हसायची. माझे वडील कानडी शाळेसाठी दारोदार फिरले. आमच्या भाषेत मुलांना शिकवा, एवढंच मागत होते. मग राज्य झालं. तुम्ही म्हणता, आम्ही भाषा लादली. आम्हाला वाटलं, आमची भाषा आम्हाला परत मिळाली."

दारोदार फिरणारा बाप, आपल्या भाषेतली शाळा. ही तर चारुताबाईंच्याच घरातली गोष्ट होती, मराठी शाळेसाठी फिरलेल्या त्यांच्या वडिलांची, शब्दन् शब्द. आयुष्यभर ती आपल्या एकटीची म्हणून सांगितली, याची त्यांना लाज वाटली. थोडा रागही आला. कुणाचा ते समजेना.

"आणि आमचं?" शेवटी त्यांनी विचारलं. "आमच्या पोरांचं?"

"तेही खरंच की," गिरिजाबाई म्हणाल्या. "म्हणून तर सुटत नाही."

मीटिंगला हॉल खचाखच भरला होता. पालक दोन बाजूंना बसले होते, मधली वाट मोकळी. मतदानाआधी प्रत्येक सभासदाला तीन मिनिटं बोलायला मिळत. चौघे बोलले, दोन इकडे, दोन तिकडे. वॉल्शबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. चारुताबाईंनी कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं. त्या भिंगाच्या पलीकडे, बेळगावात उजाडायच्या आत, दादा आणि गल्लीतली चार माणसं चहाचे कप घेऊन बसली असणार.

"मी एका गावाची आहे," त्यांनी सुरुवात केली, "ज्याच्यासाठी दोन राज्यं भांडतात. माझी बाजू मला झोपेतही सांगता येते. या वर्गाने मला दुसऱ्यांची सांगायला लावली आणि मी नापास झाले. आज पुन्हा प्रयत्न करते."

आणि त्यांनी गिरिजाबाईंची गोष्ट सांगितली. स्वयंपाकघरातली भाषा सांगितली, हसणारी पोरं सांगितली, दारोदार फिरणारे वडील सांगितले. आपल्या बाजूचं एक अक्षर नाही. तिसऱ्या रांगेत वल्लरीशेजारी बसलेल्या गिरिजाबाईंनी हळूच मान डोलावली.

"वॉशिंग्टनला मी सांगितलं, की हे आमचं आम्ही ठरवू," चारुताबाई म्हणाल्या. "आता तुम्हालाही सांगते. गावाने ठरवायचं म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याने ठरवायचं, असं नाही. मला एकाहत्तराव्या वर्षी जे जमलं नाही, ते ही मुलं सतराव्या वर्षी शिकताहेत. ते मी बंद करणार नाही."

तीन विरुद्ध दोन. वर्ग राहिला. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. दोन्ही बाजूंचे पालक सारखेच नाराज होऊन उठले. पुढच्या निवडणुकीत आपलं काही खरं नाही, हे बाईंना मधल्या वाटेने बाहेर येतानाच कळून चुकलं. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. वॉल्शबाईंनी दारात त्यांचा हात घट्ट धरला.

घरी पोचतात तोच दादाचा फोन आला. बाईंनी चपलाही न काढता तो घेतला.

"सगळे बसले होते, चारू," तो म्हणाला. "मी सांगून ठेवलं होतं, आमची पोरगी बोलणार आहे."

"दादा, त्या बाईंचं खरं आहे."

"माहीत आहे मला. मी इथं राहतो. शेजारी कानडी, डॉक्टर कानडी, सून कानडी. तू सांगितलंस त्यातलं एकही खोटं नव्हतं, हे मला तुझ्याआधी माहीत आहे. पण ते बोलायची पाळी माझ्यावर येऊ नये म्हणून मी चाळीस वर्षं भांडलो. आणि तू ते माझ्या घरात, माझ्या माणसांसमोर बोललीस."

"मग तू पण..."

"थोडे दिवस फोन करू नकोस मला," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे बाईंना ते जास्त लागलं. फोन बंद झाला.

सुमंतराव पाणी घेऊन आले आणि पहिल्यांदाच बेळगाववर काही बोलले नाहीत. चारुताबाई दारातल्या बाकावर बसून पुष्कळ रडल्या. दादा पुन्हा कधी बोलेल का, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. पण दिलेलं मत परत घ्यावं, असं त्यांना त्या रडण्यातही एकदाही वाटलं नाही.