पदरात बांधलेला घोडा

हिंगणघाटच्या नत्थूजी मिस्त्रीची एक तऱ्हा होती. ठासणीची बंदूक दुरुस्तीला आली की तो आधी तिचा घोडा, म्हणजे दारूच्या इवल्या टोपीवर आपटून बार पेटवतो तो लोखंडी तुकडा, सोडवायचा. मालकाच्याच धोतराच्या सोग्यात बांधायचा आणि म्हणायचा, घरी ठेवा, बंदूक न्यायला याल तेव्हा आणा. म्हातारा चळला म्हणून लोक हसत. हसोत बापडे! त्यांना त्रेपन्न सालचं काय ठाऊक?

इंग्रज गेले तसे या जुन्या बंदुकांचे सुटे भाग यायचे बंद झाले. त्या साली दसरा आठवड्यावर आला आणि पुंडलिकरावांच्या बंदुकीचा घोडा मोडला. बडी असामी, सोनं लुटायला निघताना पहिला बार त्यांचाच. नत्थूजीने नागपूरचा भंगारबाजार पालथा घातला, मिळाला नाही. दुकानात मात्र कुसुमबाईची बंदूक पडून होती. नवरा वारलेला, लायसन तिच्या नावावर होईपर्यंत जमा केलेली. घोडा अगदी तस्साच. बाईमाणूस कशाला बंदूक उडवतंय, म्हणत या शहाण्याने तो काढून पुंडलिकरावांना बसवला. बाईच्या बंदुकीला कापसाच्या जिनातल्या भंगाराचा एक तुकडा कानशीने घासून लावला. दिसायला झकास! तरी खंडेनवमीला हत्यारं पुजताना त्या बंदुकीला कुंकू लावायला त्याचा हात धजला नाही. दुसऱ्या दिवशी बार दणक्यात उडाला, पुंडलिकरावांनी चारचौघांत त्याच्या अंगावर शेला घातला आणि गडी सगळं विसरला.

दिवाळीनंतर लायसन झालं. कुसुमबाई बंदूक घेऊन गेली, ती पंधरा दिवसांनी परत आली. घोडा नुसता खट्ट वाजायचा, बार काही पेटायचा नाही. रानडुकरांनी रताळ्याची अख्खी वाडी उकरून टाकली होती. एवढं होऊनही बाई रागावली नाही. उलट वाचलेली चार रताळी तिने नत्थूजीपुढे ठेवली.

"माह्याच हाताले वळण नाई जी, भाऊ," ती म्हणाली. "तुमचं काम कसं खोटं असन? मले जरा शिकवून द्या."

धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं नत्थूजीला झालं. कसंबसं तोंड उघडलं.

"दोष हाताचा नाई, बाई. घोडा मी बदलला. तुमचा पुंडलिकरावाले देल्ला."

तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याने सुखाने ऐकल्या असत्या. ती बंदुकीकडेच बघत राहिली.

"म्हंजे आमच्या मालकाची बंदूक चांगलीच होती," ती म्हणाली. "अन् मी पंधरा दिस मेलेल्या मानसाले शिव्या देऊन राह्यली होती, खोटी बंदूक ठेवून गेला म्हनून."

त्याच दिवशी नत्थूजीने शेला परत नेऊन दिला, पुंडलिकरावांचं वाट्टेल ते ऐकून घेतलं आणि घोडा आणून तिच्या हातात ठेवला. बसवून देतो म्हणाला. ती नको म्हणाली. घोडा पदराच्या गाठीत बांधून, बंदूक उचलून ती वर्ध्याच्या मिस्त्रीकडे निघून गेली.