घड्याळ खरं, वाटणी खोटी

जगात गळकी बादली बघून आनंदानं टाळ्या पिटणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला! दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, पाथर्डीला शाळेत गणित शिकवायचे. घरात एक डबा म्हणून त्यांनी धड ठेवला नाही. गोडेतेलाच्या डब्याला खिळ्यानं भोक पाडायचं, पाणी भरायचं, खाली परात ठेवायची आणि पट्टी लावून पातळी कशी उतरते ते बघत बसायचं. परातीतलं पाणी पुन्हा डब्यात, कारण बहात्तरचा दुष्काळ. थेंब सांडला असता तर अक्कानं त्यांना घरात घेतलं नसतं. एका लग्नात भटजींनी मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवलेलं. बुडाला भोक असलेली ती वाटी पाण्यात कशी बुडते ते बघायला दाजी असे ओणवे झाले की भटजी ओरडले, "अहो मास्तर, सरका, मुहूर्त दिसेना!" तर हे म्हणतात, "थांबा हो, आत्ता कुठं रंगात आलंय!"

गल्लीतल्या टाकीत टँकर पाणी ओतून जायचा. टाकीला खाली एकच तोटी. भांडणं नकोत म्हणून नाना, गल्लीतले वडीलधारे, मनगटावरचं घड्याळ बघून प्रत्येक घराला सारखाच वेळ द्यायचे. पहिला नंबर अक्काचा, शेवटचा गंगूबाईचा. तिच्या घरात सून बाळंतीण, आणि हंडा रोज अर्धाच.

"नाना, माजं पानी कुटं जातंय वो?"

"घड्याळ समद्यांला एकच हाय, गंगूबाई. मी काय खोटं बोलतो व्हय?"

धार बारीक होताना सगळ्यांना दिसायची, पण घड्याळापुढं बोलणार कोण?

आणि एके सकाळी दाजी अर्धी दाढी केलेली, गालावर साबणाचा फेस, तसेच टाकीवर धावले. "नाना, घड्याळ खरं, पण वाटणी खोटी! टाकी भरलेली असली की वरचं पाणी खालच्याला रेटतं, धार जोरात. पाणी पाव उंचीवर आलं की धार निम्मी! वेळ सारखा दिलात, पाणी कुठं सारखं मिळालं?"

"मग जास्तीचं कुनाकडं जातंय, मास्तर?"

"आमच्याकडं!" दाजी दोन्ही हात वर करून ओरडले. "सगळ्यात जास्त आमच्याकडं!"

अक्कानं कपाळावर हात मारून घेतला.

दाजींनी तिथंच हिशेब करून नवे वेळ ठरवून दिले. पहिल्या घराला सगळ्यात कमी, मग वाढत वाढत शेवटी गंगूबाईला सगळ्यात जास्त. त्याच सकाळी तसं पाणी सुटलं, आणि पट्टी घेऊन ते हंड्याहंड्यात डोकावत नुसते नाचत होते. "सारखं! सारखं आलं!" गंगूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई उपकार झालं, मास्तर. आज बाळाला न्हाऊ घालते."

अक्का मात्र घरी येऊन फणकारली. "काय मेलं ते गणित! भरल्या हंड्यातलं पाणी घालवलंत."

दाजी हळूच म्हणाले, "गेलं नाही गं, पोचलं."

अक्कानं त्यांच्या गालावरचा वाळलेला फेस ओल्या फडक्यानं पुसला. दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं ते "पोचलं" आठवलं, की मला अजून भडभडून येतं.