दैवशालाच्या स्क्रीनवर लोहारा

पतसंस्थेच्या सगळ्या शाखांचे कॉम्प्युटर योगीराज दुरुस्त करायचा. लोहाऱ्याला, येरमाळ्याला त्याची मोटारसायकल दिसली की लोक आधी चहा सांगायचे. मग धाराशिवच्या मुख्य कार्यालयात नवी सिस्टीम आली. कुठल्याही शाखेतला कॉम्प्युटर तापला किंवा मंदावला, की धाराशिवला बसलेल्या दैवशालाला तो स्क्रीनवर लाल दिसायचा. हळूहळू शाखांचे लोक तिलाच फोन करू लागले. योगीराज पोचला तरी विचारायचे, "मॅडमनी पाठवलं का?" त्याच्या पोटात दुखायचं.

एकदा तिचा फोन आला. "दादा, लोहाऱ्याचा सर्व्हर लई तापतोय. फॅन बघता का?"

त्यानं जाऊन सर्व्हर उघडला. फॅन धुळीनं जाम झाला होता. तो साफ करून त्यानं फोन लावला. "इथं काय न्हाय. तुमची सिस्टीमच खोटं दाखवतीय."

"व्हय का? आता तर उतरलंय तापमान. मग लोहाऱ्याची ती लाल सूचना बंदच करून टाकते."

तिनं इतक्या सहज विश्वास ठेवला, याचाच त्याला राग आला. पण सूचना बंद झाली असती तर पुढच्या खेपेला सर्व्हर जळाला असता.

"बंद करू नका," तो म्हणाला. "फॅन जाम होता. म्या मुद्दाम सांगितलं न्हाय."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. उद्या येरमाळ्याला जाता का? तिथलाही तापतोय."

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तो येरमाळ्याला गेला. हेवा काही कमी झाला नव्हता.