आधी गाव, मग वस्ती

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आमच्या घरात कुणालाही विचारा, सांगतील. त्यामुळं मी भर मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांना "थांबा" म्हणाले याचं घरच्यांना काहीच नवल वाटलं नाही. मला मात्र ते अजून आठवतं, कारण त्या दिवशी राग साहेबांचा नव्हता. स्वतःचा होता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगरला स्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर सेंटरात मी शिकवत होते. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या सरांनी एक सरकारी काम आणलं. आमच्या तालुक्याचा पिण्याच्या पाण्याचा नकाशा करायचा, तोही वेब पेजवर. नकाशावर गावोगावचे ठिपके. ठिपक्यावर माऊस नेऊन दाबलं की खालच्या चौकटीत त्या गावाची माहिती यायची. विहिरी किती, हातपंप किती, पाणी पुरतं का, टँकर हवा का. पुढच्या पंधरवड्याची टँकरची यादी तालुका कार्यालयातले मोठे साहेब हा नकाशा बघूनच मंजूर करणार होते. "तालुका तुझा आहे," सर म्हणाले, "तूच कर."

तालुका माझा, हे खरं. खर्ड्याच्या पुढं ओढ्याच्या अलीकडं आमची वस्ती आणि पलीकडं गावठाण. वस्तीत विहार, विहारासमोर हातपंप, आणि तो हातपंप त्या वर्षी होळीच्या आधीच आटला होता. गावातल्या विहिरीला पाणी होतं. आता तिथं कुणी कुणाला अडवत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण मधे ओढा, पुढं चढ, आणि माझ्या आत्याच्या वयाच्या बायकांना त्या विहिरीवर घागर घेऊन उभं राहायचं म्हटलं की जुनं सगळं आठवायचं. "आमी न्हाई जानार तिथं," एवढंच आत्या म्हणायची, आणि विषय संपायचा. म्हणून वस्तीला वेगळा टँकर यायचा. रोज एक खेप. ती चुकली तर वस्तीला प्यायला पाणी नाही.

काम चिकाटीचं होतं. कागदी नकाशा स्कॅन करून घेतला. मग एकेक गाव बघून, त्याचा ठिपका आडवा किती अंतरावर, उभा किती अंतरावर, ते आकडे वहीत उतरवले. प्रत्येक ठिपक्याभोवती एक न दिसणारं वर्तुळ ठरवायचं. त्या वर्तुळात कुठंही दाबलं की त्या गावाची माहिती उघडणार. मोठ्या गावाला मोठं वर्तुळ दिलं, वस्तीला लहान. कुणी सांगितलं नव्हतं, हातच तसा चालला. कॉम्प्युटरसाठी या वर्तुळांच्या ओळी लिहिताना कार्यालयातलं रजिस्टर समोर ठेवलं होतं. त्यात आधी गाव, खाली त्याच्या वाड्या, शेवटी वस्त्या. मतदार यादी बघा, रेशनची यादी बघा, सगळीकडं हाच क्रम. मीही तसंच लिहीत गेले. आमची वस्ती आमच्या गावाखाली अगदी शेवटी आली.

काम झाल्यावर सर शेजारी बसले आणि मी एकेक ठिपका दाबून त्यांना दाखवला. आमच्या वस्तीपाशी आले आणि न दाबताच माऊस पुढं नेला. म्हटलं, सर म्हणतील, बाईंना स्वतःच्या वस्तीचं फार कौतुक. त्यांनी तसं कधी म्हटलं नसतं. पण आपल्या मनात आधीच उत्तर तयार असतं, कुणी प्रश्न विचारो न विचारो.

शनिवारी एस.टी.नं घरी गेले. सोबत नकाशाचं रंगीत प्रिंट होतं. आत्या टँकरची वाट बघत ड्रमांपाशी बसली होती. वस्तीत कुणाचा ड्रम कुठं लागणार, कुणी किती घागरी घ्यायच्या, हे सगळं तीच बघायची. तिच्यापुढं कुणाची टाप नव्हती. तिनं प्रिंट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"आपून कुठं हाय यात?"

मी बोट ठेवलं. "हा ठिपका. यावर दाबलं की लिहून येतं, हातपंप आटलाय, टँकर रोज एक खेप."

"कोन दाबनार?"

"मोठे साहेब. सोमवारी."

"तू दाबून बघितलं का?"

आत्याची ही जन्माची खोड. नवीन हातपंप बसवला तरी ती आधी स्वतः हापसून बघायची, मगच बाकीच्यांना रांग लावू द्यायची. मी म्हणाले, "बघितलं की." खोटं बोलताना मला कधी अडखळायला होत नाही, ही माझी दुसरी खोड.

"मग लई बेस," आत्या म्हणाली आणि प्रिंट घडी करून पदराखाली ठेवलं.

सोमवारी कार्यालयात मीटिंग. इंटरनेटची लाइन धड लागत नव्हती, म्हणून सगळं फ्लॉपीवरून मशीनवर चढवलं. मोठे साहेब आले, खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढं बसले, समोर यादी आणि हातात लाल पेन्सिल. माऊस त्यांना जमत नव्हता, पण दुसऱ्याच्या हातात देईनात. एकेक ठिपका दाबायचे, वाचायचे, यादीवर खूण करायचे. मी भिंतीला टेकून उभी होते आणि खरं सांगते, मला गुदगुल्या होत होत्या. आपण केलेलं एवढा मोठा माणूस वाचतोय.

मग त्यांनी आमच्या वस्तीवर दाबलं.

चौकटीत आलं: सार्वजनिक विहीर, पाणी पुरेसं, टँकरची गरज नाही.

"इथं पाणी आहे की," साहेब म्हणाले. "मग रोज टँकर कशाला पाठवताय?" आणि पेन्सिल यादीवर टेकवली.

ती माहिती गावाची होती. वस्तीवर दाबलं तर गाव का उघडतंय ते मला कळेना, पण पेन्सिल दिसत होती. "साहेब, थांबा," मी म्हणाले. "ते चुकीचं आहे."

सर माझ्याकडं बघत राहिले. साहेब सावकाश वळले. "नकाशा तुम्हीच केलाय ना?"

"हो. म्हणून तर सांगते."

साहेबांनी उठून खुर्ची मोकळी केली. "चहा येईपर्यंत बघा काय ते."

मी बसले आणि फाईल उघडली. आधी वाटलं आकडे चुकले. आकडे बरोबर होते. मग लक्षात आलं. गावाचं मोठं वर्तुळ ओढा ओलांडून अलीकडं आलं होतं आणि आमची अख्खी वस्ती त्यात गेली होती. दोन वर्तुळं एकमेकांवर आली की कॉम्प्युटर ज्याची ओळ आधी लिहिली त्याचं ऐकतो. आधी गाव लिहिलं होतं. वस्तीवर कितीही वेळा दाबलं असतं तरी गावाचीच विहीर उघडली असती. आणि हे सगळं लिहिणारी वस्तीतलीच पोरगी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

वस्तीची ओळ उचलली आणि गावाच्या ओळीच्या वर नेऊन ठेवली. नकाशा परत उघडला, दाबलं. पुन्हा गाव. मला रडूच यायला लागलं. मागून सर हळूच म्हणाले, "सेव्ह केलं का?" केलं नव्हतं. सेव्ह केलं, परत उघडलं, दाबलं.

हातपंप आटलेला. टँकर रोज एक खेप.

माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी चहाचा कप हातात ठेवूनच वाकून वाचलं, पुन्हा एकदा स्वतः दाबलं, आणि यादीवर आमच्या वस्तीपुढं बरोबरची खूण केली. "आणखी कुठं असं झालंय का तेही बघून घ्या," एवढंच म्हणाले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ नुसती उभी राहिले. इतकं हलकं मला परीक्षेचा निकाल लागल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी घरी गेले तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता. ड्रम भरलेले होते. मी आत्याला सगळं सांगितलं, खोटं बोलले होते तेही. ती रागावली नाही.

"मला ठावं हुतं," म्हणाली. "बघितलं की, म्हनताना तू खाली बघत हुतीस."

मग जरा थांबून विचारलं, "म्हंजी आता आपलं नाव गावाच्या आधी लिवलंय?"

"हो. वर. पहिल्यांदा आपण, मग गाव."

आत्या हसली. पदर तोंडाला लावून चांगली पोटभर हसली. मला वाटलं आता सगळ्या वस्तीला सांगत सुटणार. पण हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आन गावावर दाबून बघितलं का? त्यांची हीर उघडती ना? न्हाईतर आपल्या पाई त्यांचं ऱ्हायचं."

साहेबांनी सांगितलं होतं, तरी बघितलं नव्हतं.

या वेळी मी तेच सांगितलं. सोमवारी सेंटर उघडल्या उघडल्या पहिलं काम ते केलं. गावावर दाबलं, गावाची विहीर उघडली. वस्तीवर दाबलं, वस्ती उघडली. मग तालुक्यातला एकेक ठिपका दाबत गेले, शेवटच्या वस्तीपर्यंत.